मुक्या सिलिंडरचा शोध



शाळेत जाता-येता एखादी जुनी मोटार अडखळत, आचके देत, मधूनच ‘फट्’ असा आवाज करीत चाललेली तुम्ही पाहिली असेल. गॅरेजमधील मंडळी अशा वेळी ‘गाडी मिसिंग करते’ किंवा ‘मिस मारते’ असे म्हणतात. मिस मारणे म्हणजे चुकणे. एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये ज्या क्षणी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेटावयास हवे त्या क्षणी ते पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ते का पेटत नाही, हे शोधून काढणे मात्र सोपे नाही.

माझ्याकडे अशीच एक जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली गाडी आहे. चार सिलिंडरचे एंजिन, कार्ब्युरेटर, आणि ठिणगीसाठी ‘पॉइंट’ अशी तिची जुन्या पद्धतीची रचना आहे. एका जुलै महिन्यात चिपळूणहून कराडला परत येताना कुंभार्ली घाटाच्या चढावर ती मिस मारू लागली. पाऊस कोसळत होता, मागे भरलेला मालट्रक होता आणि गाडीत माझी वृद्ध आई होती. घाटात एंजिनाची ताकद अशी एकाएकी कमी होणे किती धोक्याचे असते, ते त्या दिवशी मला कळले. कसेबसे घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी सांगितले, “सर, हेड खोलायला लागंल. वीस-बावीस हजार धरा.” गाडीच्या फेरनोंदणीची मुदतही जवळ आली होती. एवढा खर्च करावा की गाडी भंगारात द्यावी, असा प्रश्न घरात उभा राहिला.

पण मिस्त्रींनी हा निष्कर्ष माझ्याच सांगण्यावरून काढला होता, आणि माझे सांगणे चुकीचे होते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही चूक झाली ती पदार्थविज्ञानाचीच. ती कोणती आणि कशी उमगली, ते आता क्रमाने पाहू.

पेटण्यासाठी काय लागते?

निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली चार धावांचे एंजिन यशस्वी करून दाखविले. आजच्या पेट्रोल मोटारींची एंजिने त्याच तत्त्वावर चालतात. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो आणि झडपेतून मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद होऊन दट्ट्या वर जातो व मिश्रण दाबले जाते. दट्ट्या वरच्या टोकाजवळ येताच स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तप्त वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. ही तिसरी, म्हणजे शक्तीची धाव. चौथ्या धावेत जळालेले वायू बाहेर टाकले जातात.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी मोटार तुमच्या घरातील मोठ्या माणसांना नक्की आठवत असेल. तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. आणि दट्ट्याच्या धावेची लांबी ७५ मि.मी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ घन सें.मी. येते, आणि चार सिलिंडरचे मिळून १०८९ घन सें.मी. म्हणजे एका वेळी जेमतेम पाव लिटर मिश्रण पेटते. पण ते किती वेळा पेटते ते पाहा. चार धावांना एंजिनाचे दोन फेरे लागतात. गाडी उभी असताना एंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० आणि चारही मिळून १६०० वेळा मिश्रण पेटावयास हवे. हे झाले सेकंदाला सुमारे २७ वेळा. ३००० फेऱ्यांना हाच आकडा सेकंदाला १०० होतो.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लागतात. एक, पेट्रोल व हवा यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण. दुसरी, पुरेसा दाब. तिसरी, नेमक्या वेळी पडणारी सशक्त ठिणगी. एंजिन मिस मारते याचा अर्थ या तिघांपैकी एक तरी गैरहजर आहे. अशी ही हजेरी घ्यावयाची, की दोष शोधण्याचे निम्मे काम झालेच.

पहिला प्रश्न : चूक नियमित की अनियमित?

हत्यारे हाती घेण्यापूर्वी कान वापरावेत. सायलेन्सरच्या मागे, थोडे बाजूला उभे राहून आवाज ऐकावा. ठराविक अंतराने, ठेका धरल्यासारखी चूक ऐकू आली, तर एकच सिलिंडर बंद आहे असा संशय घ्यावा. ८०० फेऱ्यांना एक सिलिंडर मुके झाले, तर सेकंदाला सुमारे सात ठोके गळतात. या उलट चूक कधी येते, कधी येत नाही, आणि तिला ठेका नाही, असे असेल तर दोष चौघांच्या सामाईक भागात असण्याचा संभव जास्त. कार्ब्युरेटर, पेट्रोलमधील पाणी किंवा कचरा, कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर हे ते सामाईक भाग होत.

घरात एकच दिवा लागत नसेल तर आपण त्या दिव्याकडे पाहतो. सगळेच दिवे फडफडू लागले तर मीटरकडे पाहतो. येथेही तर्क तोच आहे.

माझ्या गाडीतील चूक त्या दमट सकाळी नियमित होती. म्हणजे कोणते तरी एकच सिलिंडर मुके होते.

दुसरा प्रश्न : कोणते सिलिंडर?

याची जुनी आणि खात्रीची युक्ती अशी. एंजिन बंद करावे, एका प्लगची तार काढून ती जमिनीला, म्हणजे एंजिनाच्या धातूला, टेकविलेल्या एका जास्तीच्या प्लगला जोडावी आणि एंजिन पुन्हा चालू करावे. त्या सिलिंडरला आता ठिणगी मिळणार नाही. एंजिन आणखी अडखळू लागले, तर ते सिलिंडर काम करीत होते. काहीच फरक पडला नाही, तर ते आधीपासूनच मुके होते. वर्गात बाई गुणाकाराचा पाढा सामुदायिक म्हणून घेतात तेव्हा एकेकाला गप्प बसवून पाहावे, तसेच हे. जो आधीच गप्प आहे त्याला गप्प बसविल्याने गोंगाट कमी होत नाही!

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची तार काढताच एंजिन धडधडू लागले. तिसऱ्याची काढली, तर काहीच फरक पडला नाही. मुके सिलिंडर सापडले.

चार सिलिंडरपैकी एक बंद पडले तर शक्ती पाव भागाने कमी होईल, असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात ती त्याहून अधिक कमी होते. मुक्या सिलिंडरचा दट्ट्याही फिरवावा लागतो, आणि त्याचे ओझे उरलेल्या तिघांवर पडते. शिवाय त्यातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, आणि बाहेर पडून हवा दूषित करते. तप्त सायलेन्सरमध्ये ते पेटले की तो ‘फट्’ आवाज होतो.

तिसरा प्रश्न : तिघांपैकी कोण गैरहजर?

आता तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढला. प्लगचा चेहरा वाचता आला पाहिजे. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे. तेलकट काळा थर असेल तर एंजिन तेल वर चढते आहे. आणि प्लग पेट्रोलने ओला असेल तर मिश्रण येते आहे, पण पेटत नाही. माझा प्लग ओला होता. म्हणजे मिश्रण हजर होते.

मग अदलाबदलीचा प्रयोग केला. तिसरा प्लग पहिल्या सिलिंडरला आणि पहिला तिसऱ्याला लावला. दोष प्लगमध्ये असता, तर तो प्लगाबरोबर पहिल्या सिलिंडरमध्ये गेला असता. पण तिसरेच मुके राहिले. म्हणजे प्लग निर्दोष. या प्रयोगाचे मर्म असे की एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर एकदमच नवे टाकले आणि गाडी सुधारली, तर आपण दुरुस्ती केली, पण शिकलो काहीच नाही. आणि चांगले दोन भाग फुकट फेकले.

नंतर ठिणगी पाहिली. तिसऱ्या तारेला जास्तीचा प्लग लावला, तो एंजिनाच्या धातूवर टेकविला आणि एंजिन फिरविले. ठिणगी सुरेख पडत होती. मी समाधानाने मान डोलावली आणि मिस्त्रींना सांगितले, “ठिणगी उत्तम आहे. मी स्वतः पाहिली.”

मिश्रण आहे, ठिणगी आहे, तर उरला फक्त दाब. दाब नसेल तर झडप जळाली असेल किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील. म्हणून तर मिस्त्री म्हणाले, की हेड खोलायला लागेल. माझ्या माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध होता.

दाबाची साक्ष

पण हेड खोलण्याआधी दाब मोजून पाहावा, असेही तेच म्हणाले. चारही प्लग काढले, कॉईलची बारीक तार सोडली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्रत्येक भोकाला दाबमापक लावून स्टार्टरने एंजिन फिरविले. आकडे आले ९.२, ९.०, ९.१ आणि ९.० किलोग्रॅम दर चौरस सें.मी.

हे आकडे चांगले की वाईट? जुन्या एंजिनात मिश्रण साधारण सातपट दाबले जाते असे धरू. तापमान स्थिर राहिले असते तर बॉइलच्या नियमाने दाब सात वातावरणे झाला असता. पण सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, हा तुमचा अनुभव आहे. झटकन दाबलेली हवा तापते, आणि तापल्यामुळे दाब आणखी वाढतो. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर दाब ७ चा १.४ वा घात, म्हणजे सुमारे १५ वातावरणे भरतो. प्रत्यक्षात काही उष्णता थंड भिंतींत जाते, थोडी हवा रिंगांवाटे निसटते आणि आत येणारी झडप जरा उशिरा बंद होते. म्हणून स्टार्टरवर मोजलेला दाब आठ-दहाच्या घरात येतो. आकड्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असणे.

समजा, एकाचाच आकडा कमी आला असता, तर? मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर एंजिन तेल घालून पुन्हा मोजावयाचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजते. वाढला नाही तर झडपेवर संशय. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदमच कमी असेल, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव अधिक. हेड न खोलता केवढी ही माहिती मिळते!

आमचे तिसरे सिलिंडर मात्र निरोगी होते. आता खरे कोडे पडले. मिश्रण आहे, दाब आहे, ठिणगी आहे, आणि तरीही मिश्रण पेटत नाही. निसर्ग नियम मोडीत नाही. तेव्हा आपल्या तीन विधानांपैकी एक तरी खोटे असले पाहिजे. गणितात विसंगती आली की आपण गृहीतके तपासतो. पण ‘मी स्वतः पाहिले’ हे गृहीतक तपासण्याची बुद्धी मला होईना.

तेव्हा मिस्त्रींनी एक साधा प्रश्न विचारला.

“सर, पावसात जास्त मिसिंग करती का?”

“हो. आणि चढावर.”

“मग हेड नगा खोलू. आज अंधार पडला की बोनेट उघडून गाडी चालू करा. आणि सगळे दिवे घालवा.”

ठिणगी येते कोठून?

रात्रीपर्यंत वेळ होता. तोपर्यंत आपण ठिणगीचा उगम पाहू.

बॅटरी असते १२ व्होल्टची. तिच्यापासून हजारो व्होल्ट मिळतात ते मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने. कॉईलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे काहीशे वेढे आणि दुय्यम वेटोळ्यात बारीक तारेचे त्यांच्या सुमारे शंभरपट वेढे. प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने त्यातून ४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते, आणि दुय्यम वेटोळ्यात मोठे विभवांतर निर्माण होते. क्षेत्र जितक्या झटकन बदलेल तितके हे विभवांतर मोठे, हे फॅरडेच्या नियमाचे सांगणे. डिस्ट्रिब्यूटरचा फिरता हात ही वीज १-३-४-२ अशा क्रमाने एकेका सिलिंडरकडे पोहोचवितो. मोटारींसाठी ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती आली.

यात कंडेन्सरचे काम काय? पॉइंट उघडताना प्रवाहाला थांबावयाचे नसते. स्वयंप्रवर्तनामुळे तो फटीतून उडी मारून वाहत राहू पाहतो. त्यामुळे पॉइंट जळतात, आणि प्रवाह रेंगाळत तुटल्यामुळे ठिणगी मिळमिळीत होते. कंडेन्सर, म्हणजेच धारित्र, पॉइंटच्या समांतर जोडला की त्या प्रवाहाला क्षणभर जाण्यासाठी दुसरी जागा मिळते आणि तो झटकन तुटतो. प्रवर्तन वेटोळ्याला धारित्र जोडण्याची ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८५३ साली मांडली. दातेरी चाकाने प्रकाशाचा वेग मोजणारे फिझो ते हेच. पॉइंट वारंवार जळत असतील आणि चूक अनियमित असेल, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा तो यासाठी. आमच्या गाडीत मात्र तीन सिलिंडर उत्तम चालत होती. कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर चौघांना सामाईक असल्यामुळे ते आपोआपच निर्दोष ठरले. कार्ब्युरेटरचेही तसेच.

उरली ती एकट्या तिसऱ्या सिलिंडरची तार. प्लगांप्रमाणे तारांची अदलाबदल मी केलीच नव्हती. ठिणगी ‘दिसली’ होती ना!

उघड्यावरची ठिणगी आणि आतली ठिणगी

हवा विजेची दुर्वाहक आहे. तिच्यातून ठिणगी उडण्यासाठी किती व्होल्ट लागतात, हे दोन टोकांमधील अंतरावर जसे अवलंबून असते तसे हवेच्या घनतेवरही असते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ साली हे प्रयोगाने दाखविले. आपल्या उपयोगाच्या मर्यादेत साधा नियम असा : अंतर दुप्पट केले किंवा घनता दुप्पट केली, तर लागणारे व्होल्टही जवळजवळ दुप्पट होतात.

प्लगमधील फट ०.६ मि.मी.च्या आसपास असते. उघड्यावर एवढी फट ओलांडण्यास दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरच्या आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, हवा सातपट दाटलेली असते. तेथे दहा-पंधरा हजार व्होल्ट लागू शकतात. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असल्याने आत येणाऱ्या हवेचा दाबच निम्म्याहून कमी असतो. ती सातपट दाबली तरी बाहेरच्या हवेच्या तिप्पटच दाट होते, आणि सात-आठ हजार व्होल्टमध्ये काम भागते.

आता समजा, तारेच्या रबराला केसासारखी एक भेग पडली आहे आणि तेथे ती लोखंडी पट्टीला टेकते आहे. या भेगेतून वीज निसटण्यास आठ हजार व्होल्ट लागतात असे धरू. भेग एंजिनाच्या बाहेर आहे, म्हणून हा आकडा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने बदलत नाही. कॉईलचे विभवांतर शून्यापासून चढत जाते, आणि जी वाट आधी मोकळी होईल त्या वाटेने वीज जाते. प्लग उघड्यावर असेल तर तीन हजारांतच तेथे ठिणगी पडते. भेगेची पाळीच येत नाही. प्लग सिलिंडरमध्ये असेल आणि गाडी चढावर असेल, तर प्लगला बारा हजार हवेत. तेथवर पोहोचण्याआधीच, आठ हजारांवर, वीज भेगेतून निसटते. आत ठिणगी पडतच नाही. पावसात भेग ओलसर झाली की तिला सहा हजारही पुरतात. मग उभी गाडीसुद्धा मिस मारू लागते.

चढ आणि पाऊस या मिस्त्रींच्या दोन खुणांचा अर्थ हा असा होता. माझ्या प्रयोगात ठिणगी खरीच होती. पण जेथे ती पडावयास हवी होती त्या परिस्थितीत मी तिची परीक्षा घेतलीच नव्हती. सपाट मैदानावर धावून दाखविणाऱ्याला मी डोंगर चढण्याचे प्रमाणपत्र देऊन बसलो होतो.

अंधारातील प्रयोग

रात्री अंगणातील दिवा मालवला, बोनेट उघडले आणि मुलीने गाडी चालू केली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाजवळ, तिसरी तार जेथे लोखंडी पट्टीला टेकत होती तेथे, एक निळा ठिपका लुकलुकत होता. मुलीने अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला, तर ठिपक्याची जणू माळच झाली आणि एंजिन अडखळले.

तरीही मी उलट तपासणी केली. एंजिन बंद करून तिसऱ्या तारेचे प्लगकडील टोक काढले, त्याला जास्तीचा प्लग लावला आणि तो एंजिनाच्या धातूवर टेकविला. भेगेकडील बाजूला हातही लावला नाही. एंजिन चालू केले. उघड्यावरच्या प्लगमध्ये ठिणगी पडू लागली आणि भेगेतील निळा ठिपका नाहीसा झाला! पुन्हा बंद करून तार मूळ प्लगला जोडली, तर ठिपका परत आला. पाशेन यांचा नियम माझ्या अंगणात, बोनेटखाली लिहिलेला होता. हाच नियम मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही तारांचा नवा संच बसविला. जुन्या तारांचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले होते. एक बिघडली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, म्हणून सगळ्या बदलल्या. टोपणाच्या आत काजळीची रेघ किंवा तडा नाही, हे पाहून घेतले. खर्च हजार रुपयांच्या आत आला. त्यानंतर भर पावसात कुंभार्ली घाट चढलो. आई मागच्या सीटवर झोपली होती.

नव्या गाड्यांचे काय?

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर, पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर नसतात. पेट्रोल फवारले जाते, आणि पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉईल असते. चूक शोधण्याचे काम संगणक करतो. तो एंजिनाच्या फिरण्याचा वेग फेऱ्याच्या प्रत्येक भागात मोजतो. एखादे सिलिंडर पेटले नाही की तेवढ्या भागात फिरणे किंचित मंदावते, आणि संगणक त्या सिलिंडरचा क्रमांक नोंदवितो. तिसऱ्या सिलिंडरसाठी ‘पी ०३०३’ हा संकेत ठरलेला आहे. पण ते सिलिंडर का पेटले नाही, हे त्या संकेतात नसते. तेथून पुढे मिश्रण, दाब आणि ठिणगी यांची हजेरी माणसालाच घ्यावी लागते.

सावधान!

यांपैकी कोणताही प्रयोग विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये. जाणत्या मिस्त्रींच्या किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली तो पाहावा. प्लगच्या तारेतील विजेचा झटका जोराचा बसतो, म्हणून एंजिन चालू असताना तारेला हात लावू नये. भिजलेल्या तारेला तर मुळीच नाही. जास्तीचा प्लग धातूला नीट टेकलेला असावा, नाही तर वीज वाट शोधताना कॉईलच फोडते. बंद खोलीत एंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राण घेतो. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. सैल बाह्या आणि ओढण्या पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात. तार काढून पाहण्याची युक्ती नव्या, संगणक असलेल्या गाड्यांवर करू नये.

विचार करा

१. तीन सिलिंडरचे एंजिन मिनिटाला ९०० फेरे घेते. सेकंदाला किती वेळा मिश्रण पेटावयास हवे? एक सिलिंडर मुके झाले, तर सेकंदाला किती ठोके गळतील?

२. एका गाडीच्या प्लगमधील फट झिजून ०.६ ऐवजी ०.९ मि.मी. झाली. अशी गाडी आधी कोठे मिस मारू लागेल, उभी असताना की चढावर? का?

३. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा दाब ४, तर पहिल्या आणि चौथ्याचा ९ आला. पहिला संशय कशावर घ्याल?

४. तुमच्या घरी किंवा शाळेत नेहमी केली जाणारी एखादी परीक्षा आठवा. उदाहरणार्थ, टॉर्चचा सेल चांगला आहे की नाही हे नुसत्या व्होल्टमीटरने पाहणे. जिन्नस प्रत्यक्ष काम करतो त्या परिस्थितीत ही परीक्षा होते का? नसेल, तर तुम्ही ती कशी बदलाल?

उत्तरे : (१) २२.५ वेळा, ७.५ ठोके. (२) चढावर. फट दीडपट झाल्याने व्होल्टही सुमारे दीडपट लागतात, आणि दाट हवेत ते कॉईलच्या किंवा तारेच्या शक्तीबाहेर जातात. (३) हेड गॅस्केटवर. (४) सेल मोजताना त्याला बल्ब जोडून प्रवाह वाहता ठेवावा, आणि मग व्होल्ट पाहावेत. इतर उदाहरणे तुम्ही शोधा आणि शिक्षकांशी चर्चा करा.